सरकते छप्पर आणि ईदची चंद्रकोर

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटतो, मगरिबची नमाज होते आणि मलकापुरातल्या नजरा एकाच दिशेला वळतात. आंबा घाटाच्या बाजूला सूर्य नुकताच बुडालेला असतो. कुणी गच्चीवर, कुणी माळावर, कुणी रस्त्याच्या कडेला थांबून पश्चिमेकडे पाहतो. त्यांत रोजेदार असतात, तसे शेजारीपाजारीही असतात. चंद्र दिसला की उद्याच्या शिरखुर्म्याचे आमंत्रण पक्के. एक जण बोट दाखवतो, दुसरा म्हणतो तो ढगाचा काठ आहे. बघता बघता अंधार दाटतो आणि लोक मोबाइलवर कोल्हापूर-मुंबईच्या बातमीची वाट पाहू लागतात.

चंद्र खरोखर नव्हता, की होता आणि दिसला नाही? या प्रश्नाचे निम्मे उत्तर मलकापूरच्या भूगोलात आहे. अमावास्येनंतर चंद्र सूर्यापासून दिवसाला सुमारे १२ अंश दूर सरकतो. दोघांतले अंतर साधारण ७ अंशांपेक्षा कमी असेल तर कोर तयारच होत नाही. मग कितीही मोठी दुर्बीण लावा. अंतर पुरेसे असले तरी कोवळी कोर सूर्यामागोमाग पाऊण तासात मावळते. त्यात पश्चिमेला डोंगर. हात लांब करून मधली तीन बोटे आडवी धरली की आकाशात साधारण ५ अंश झाकले जातात. डोंगर तेवढाच उंच असेल तर चंद्र वीस मिनिटे आधीच दिसेनासा होतो. अंधार पडून कोर ठळक व्हायची आणि ती डोंगराआड जायची वेळ एकच.

हा हिशेब समजला की माणूस जागा शोधू लागतो. कुठून पश्चिम मोकळी दिसते, कुठे दिवा आडवा येत नाही, दुर्बीण कुठे ठेवली तर रोज उचलून आणावी लागणार नाही. अशा शोधातून जगभर अनेकांनी आपल्या परसात एक छोटी खोली बांधली आहे, जिचे छप्पर रुळांवरून बाजूला सरकते. तिला वेधशाळा म्हणायला संकोच वाटेल, पण ती वेधशाळाच असते. मलकापूरच्या एखाद्या परड्यात अशी खोली उभी राहायची असेल, तर दख्खनच्या मातीत तिच्या आधी उभ्या राहिलेल्या तीन वेधशाळांची कहाणी माहीत असलेली बरी.

दौलताबादचे अर्धे काम

पहिली कहाणी सहाशे वर्षांपूर्वीची. बहमनी सुलतान फिरोजशाहाला ताऱ्यांच्या विद्येची आवड होती. १४०७ साली त्याने दौलताबादजवळच्या घाटमाथ्यावर वेधशाळा बांधायचा हुकूम दिला. हकीम हसन गिलानी आणि सय्यद महंमद काजरुनी या विद्वानांवर ते काम सोपवले. फेरिश्त्याच्या इतिहासात याची नोंद आहे आणि तिचा शेवटही आहे. हकीम हसन गिलानी वारले आणि वेधशाळा अर्धवट राहिली. पैसा सुलतानाचा होता, जागा डोंगरावरची होती, हुकूम दरबारचा होता. एका जाणत्या माणसाच्या जाण्याने सगळे थांबले.

त्या काळी अरबी-फारसी आणि संस्कृत ज्योतिष यांची देवाणघेवाण चालू होती. १३७० साली महेंद्र सूरी या जैन पंडिताने फिरोजशाह तुघलकाच्या आश्रयाने अस्तरलाब या यंत्रावर संस्कृतात 'यंत्रराज' लिहिला. पुढे सवाई जयसिंहाने आपल्या वेधांचा ग्रंथ फारसीत सिद्ध करवला आणि त्याला मोगल बादशहाचे नाव दिले. आकाशातल्या नावांवर ती देवाणघेवाण अजून वाचता येते. आपल्या रोहिणीला इंग्रजीत अल्डेबरान म्हणतात. तो अरबी शब्द आहे, अर्थ 'मागून येणारा'. कृत्तिकांच्या मागून रोहिणी उगवते हे मलकापूरचा शेतकरीही जाणतो.

पुण्याची वीस इंची दुर्बीण

दुसरी कहाणी पुण्याची. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवणारे पारशी प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांना १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नेगमवाला विलायतेला जाऊन जाणकारांना भेटले आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, १८८८ साली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिथला मुख्य आरसा वीस इंचांचा होता. त्या काळी देशात त्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. नेगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकून बसले आणि सूर्याच्या प्रभामंडळाचे वेध घेतले. मात्र १९१२ साली ते निवृत्त झाले, तेव्हा वेधशाळाही बंद झाली. यंत्रे पेट्यांत भरून कोडाईकनालला गेली. पुण्यात मागे कुणी उरले नाही, ज्याच्या हाती किल्ली द्यावी.

नवाबाने आधीच केलेली सोय

तिसरी कहाणी हैदराबादची. मराठवाडा त्या वेळी त्याच राज्यात होता. नवाब जफरजंग हे निजामाच्या दरबारातले बडे सरदार. विलायतेत शिकलेले आणि तिथून आकाशाचे वेड घेऊन आलेले. त्यांनी आयर्लंडच्या ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण विकत घेतली आणि हैदराबादेत फिसलबंडा इथे आपल्याच जागेत वेधशाळा बांधली. म्हणजे परसातलीच, फक्त परसू नवाबाचे.

१९०१ साली त्यांनी निजामाकडे परवानगी मागितली. वेधशाळेला 'निजामिया' हे नाव द्यावे आणि आपल्या पश्चात सरकारने ती ताब्यात घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती. १९०७ साली नवाब वारले. ठरल्याप्रमाणे १९०८ साली वेधशाळा सरकारकडे गेली, चालक नेमला गेला, काम सुरू राहिले. पॅरिसमध्ये १८८७ साली जगातल्या वेधशाळांनी मिळून साऱ्या आकाशाचा नकाशा करायचे ठरवले होते. त्यातला एक पट्टा निजामियाकडे आला आणि तिथल्या माणसांनी काचेच्या तबकड्यांवर लाखो ताऱ्यांच्या जागा मोजून खंडामागून खंड छापले. १९१९ पासून ती उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली.

याहून मोठे फळ पुढचे आहे. निजामिया वेधशाळेत बाप्पू नावाचे एक कर्मचारी होते. त्यांचा मुलगा वडिलांबरोबर वेधशाळेत यायचा. तो मुलगा म्हणजे वेणू बाप्पू. १९४९ साली त्याच्या नावाचा धूमकेतू आकाशात नोंदला गेला. पुढे तमिळनाडूत कावलूरची वेधशाळा त्यांनी उभारली आणि जगातल्या खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. कावलूरची २.३४ मीटरची दुर्बीण आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. नवाब जफरजंग यांनी हे काही पाहिले नाही. त्यांनी फक्त आपल्यामागे दार उघडे राहील एवढी तजवीज केली.

माणूस गेल्यावरही ज्याचे पुण्य चालू राहते त्या दानाला इस्लाममध्ये सदका-ए-जारिया म्हणतात. विहीर, झाड, लोकांच्या उपयोगी पडणारी विद्या, ही त्याची नेहमीची उदाहरणे. सरकते छप्पर बांधणाऱ्याने हा विचार पहिल्या विटेआधीच करायला हवा.

परड्यातली दहा बाय दहाची खोली

आता बांधकामाकडे. मोठ्या वेधशाळांवर घुमट असतो. त्याला एक फट असते आणि सारा घुमट फिरवावा लागतो. ते काम खर्चाचे आणि अवघड. शिवाय घुमटात आकाशाची एक चीरच दिसते. सरकत्या छपराखाली बसलेल्या दहा माणसांना सगळे आकाश एकदम दिसते आणि ते बनवायला परदेशी कारागीर लागत नाही. दुकानाला शटर आणि बंगल्याला सरकते फाटक बसवणारा आपल्याकडचा वेल्डर हे काम करू शकतो. फाटकाचीच बेअरिंगची चाके, लोखंडी अँगलचे रूळ, चॅनेलची चौकट आणि वर पत्रा. रूळ भिंतीच्या पुढे खोलीएवढेच लांब न्यायचे आणि त्यांना बाहेर दोन-तीन खांबांचा आधार द्यायचा. रूळ पाणसळीत असले पाहिजेत आणि एकमेकांशी समांतर. तसे झाले तर छप्पर एका माणसाला ढकलता येते. तसे नसले तर चार जण लागतात आणि महिनाभरात कुणी फिरकत नाही.

खोलीपेक्षा महत्त्वाचा तिच्या मधला खांब. दुर्बीण ज्यावर बसते तो काँक्रीटचा खांब स्वतंत्र खड्ड्यातून उभा करायचा आणि खोलीच्या कोब्याला त्याचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. भोवती बोटभर फट सोडायची. दुर्बीण चित्र शंभर पट मोठे करते, तेव्हा हादराही शंभर पट मोठा करते. खांब कोब्याला चिकटलेला असला की कुणी पाय हलवला तरी शनी नाचू लागतो.

मलकापूरचे अक्षांश सुमारे १७ अंश. म्हणून इथे ध्रुवतारा उत्तरेला जेमतेम १७ अंशांवर दिसतो. ताऱ्यांच्या गतीबरोबर फिरणारी दुर्बीण बसवायची तर तिचा अक्ष त्याच कोनात झुकवावा लागतो. परदेशात बनलेल्या काही स्टँडना इतका कमी कोन घेता येत नाही, तेव्हा पैसे देण्याआधी विचारून घ्यावे. छप्पर उत्तरेला सरकवले तर ठेंगणा ध्रुवतारा त्याच्याआड जायची भीती. दक्षिण तर मुळीच झाकू नये. लंडनच्या माणसाला जन्मभर न दिसणारा त्रिशंकू इथून दक्षिण क्षितिजावर १३ अंशांपर्यंत चढतो आणि अगस्त्य २० अंशांपर्यंत. पश्चिम चंद्रकोरीसाठी राखलेली. उरली पूर्व. छप्पर पूर्वेला सरकवावे. त्या बाजूला कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड आहे, तो झाकला गेला तर बरेच. पूर्वेचे तारे तासाभरात आपणहून वर येतात.

भिंती छातीएवढ्या ठेवाव्यात. हिशेब सोपा आहे: दुर्बीण भिंतीपासून पाच फुटांवर आणि भिंत तिच्या अक्षापेक्षा फूटभर उंच असेल तर खालचे ११ अंश आकाश गेले. ईदची कोर नेमकी तिथेच असते. त्यासाठी पश्चिमेच्या भिंतीचा वरचा हातभर भाग फळीचा करून बिजागरीवर खाली पडेल असा ठेवावा.

शाहूवाडीचा पाऊस हा या खोलीचा खरा परीक्षक. छपराला चारी बाजूंनी फूटभर वळचण हवी, पश्चिमेला त्याहून जास्त, कारण झड तिकडून येते. वळवाच्या वाऱ्याने छप्पर उडून शेजाऱ्याच्या शेतात जाऊ नये म्हणून चारी कोपऱ्यांना कड्या आणि रुळाखालून अडकणारे हूक हवेत. जून ते सप्टेंबर दुर्बिणीला सुटी. दमट हवेत आरशावर आणि भिंगांवर बुरशी चढते, म्हणून ते काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या खड्यांबरोबर घरात ठेवावेत. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात.

पावसाचा आणि रमजानचाही संबंध येतो. हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणजे सौरवर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान. मराठी पंचांगात अधिक महिना घालून हा फरक भरून काढतात, हिजरीत तसे करत नाहीत. म्हणून रमजान साऱ्या ऋतूंमधून फिरतो. २०१३ ते २०१५ या वर्षांत तो जून ते ऑगस्टच्या दरम्यान होता. शाहूवाडीत त्या दिवसांत चंद्र तर सोडाच, समोरचा डोंगर दिसत नाही. २०२४ आणि २०२५ साली तो मार्चमध्ये सुरू झाला. स्वच्छ आकाशाची ही काही वर्षे आहेत.

इफ्तार ते सहेरी

पत्र्याखालची खोली दिवसभर तापते. गरम हवा हलत राहिली की चित्रही थरथरते. म्हणून छप्पर तासभर आधी उघडावे लागते. इफ्तारला ते सरकवले तर तरावीहची नमाज आटोपून लोक येईपर्यंत आरसा गार झालेला असतो. मार्चच्या रात्री तेव्हा मृग नक्षत्र पश्चिमेला झुकलेले असते आणि त्याच्या तेजोमेघात नवे तारे जन्मत असलेले पाहता येतात. मध्यरात्रीनंतर दक्षिणेला त्रिशंकू उभा राहतो. सहेरीच्या वेळी वृश्चिक समोर येतो.

सहेरीच्या वेळेची खूणही आकाशातच आहे. पहाटेआधी पूर्वेला कधी कधी उभा, पांढुरका, निमुळता उजेड दिसतो. ती खरी पहाट नव्हे. ग्रहांच्या पातळीतली धूळ सूर्यप्रकाशात उजळते, तिचा तो भास. फारसी-उर्दूत त्याला 'सुबह काजिब', म्हणजे खोटी पहाट म्हणतात. नंतर क्षितिजावर आडवा पसरतो तो उजेड 'सुबह सादिक', खरी पहाट. रोजा तिथून सुरू होतो. आज सगळे छापील वेळापत्रकावर चालतात. ते योग्यच आहे, फक्त गावोगावचा फरक ध्यानात ठेवावा लागतो: रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटे. कोल्हापूर आणि मलकापूर यांत तो मिनिटभराचाच. पण ज्या दोन पहाटांवरून वेळापत्रक बनले, त्या शहरातल्या दिव्यांखाली कुणालाच दिसत नाहीत. मलकापूरच्या आसपास त्या अजून दिसू शकतात.

हे टिकेलच असे नाही. रस्त्यावरचा आणि अंगणातला प्रत्येक उघडा पांढरा दिवा निम्मा उजेड आकाशात फेकतो. विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने गावांतले दिवे झाकून खाली वळवले आणि जानेवारी २०२४ मध्ये तो देशातले पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरला. तिथे दिवे काढले नाहीत, त्यांना टोपी घातली. तेवढे मलकापुरातही जमण्यासारखे आहे.

किल्ली कुणाकडे?

दुर्बीण विकतच घ्यावी असे नाही. काचेच्या दोन तबकड्या एकमेकींवर कार्बोरंडमच्या भुकटीने घासून सहा इंची आरसा हाताने घडवता येतो. चिकाटी लागते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवत आली आहे. फिरोजशाहाची वेधशाळा एका हकिमाबरोबर संपली, नेगमवालांची त्यांच्या निवृत्तीबरोबर. ही संस्था ऐंशी वर्षे टिकली, कारण तिथे एक जण थकला की दुसऱ्याने दुर्बीण धरली.

म्हणून मलकापुरात असे छप्पर सरकेल तेव्हा त्याच्या किल्ल्या निदान तीन असाव्यात. एक घरच्यांकडे, एक शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे, एक गल्लीतल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे. खांबाजवळ एक वही ठेवावी: तारीख, वेळ, आकाश कसे होते, काय दिसले, कुणी पाहिले. ईदचा चंद्र साध्या डोळ्यांनीच पाहावा की दुर्बीण चालेल, हा उलेमांचा विषय आणि निर्णय हिलाल कमिटीचा. पण नेमके कुठे पाहायचे हे दुर्बीण दाखवू शकते आणि मग तिथे सगळ्यांनी डोळे लावावेत. एक नियम मात्र न चुकता पाळायचा: सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेला वळवायची नाही. क्षणभर सूर्य भिंगात आला तरी डोळा कायमचा जातो.

अमावास्येनंतर दिसणारी ही पहिली कोर आपल्याकडे बीजेचा चंद्र म्हणूनही पाहिली जाते. मराठी महिना आणि हिजरी महिना वेगवेगळ्या नावांनी त्याच चंद्राभोवती सुरू होतात. एकोणतिसाव्या संध्याकाळी परड्यातले छप्पर पूर्वेला सरकेल, पश्चिमेची फळी खाली पडेल, तेव्हा रांगेत कोण उभे आहे हे विचारायचे कारण उरणार नाही. लहान मुलांसाठी खांबाजवळ एक पाट ठेवला म्हणजे झाले.